आवाज कुठे गेला?

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडल्या त्या आठवड्यात माझ्या एका मैत्रिणीचा फोन आला. सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत ती विज्ञान शिकवते.

"अगं, आमच्या संगणकाचा आवाज गेलाय. बाकी सगळं चालतं. चित्र छान दिसतं, इंटरनेट चालतं, पण आवाज म्हणून नाही."

मी म्हटले, "आवाज नाही तर एवढं काय अडतंय? पुढच्या महिन्यात मी येणारच आहे, तेव्हा बघू."

"अडतंय," ती म्हणाली. "नववीत एक मुलगी आहे, तिला दिसत नाही. तिच्या दृष्टीनं तो संगणक बंदच पडलाय."

ही मुलगी स्क्रीन रीडर वापरते. पडद्यावर जी अक्षरे येतील, जे बटण दाबले जाईल, ते ते हा प्रोग्रॅम बोलून दाखवतो. तिच्या संगणकावर एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली तो लिहायला घेतला आणि जेम्स टेह हा त्याचा अंध मित्र त्याला येऊन मिळाला. तो मोफत मिळतो आणि मराठीही वाचतो. उच्चार यांत्रिक वाटतात, पण सवयीने ते अंगवळणी पडतात. ही मुलगी तर तो इतक्या वेगाने ऐकते की मला त्यातला एक शब्द कळला नाही. पाठ्यपुस्तके ती याच संगणकावर वाचते आणि उत्तरेही त्यावरच लिहिते.

झाले होते ते असे. सुट्टीपूर्वी संगणकाचा वीजपुरवठा, म्हणजे ज्याला सगळे एसएमपीएस म्हणतात तो डबा, जळाला. तालुक्याच्या गावच्या दुरुस्ती करणाऱ्याने एसएमपीएससकट कॅबिनेटच बदलून दिले. मॉनिटरचे जुने सॉकेट सैल झाले होते म्हणून एक वापरलेले ग्राफिक्स कार्ड बसवले आणि मॉनिटर एचडीएमआय केबलने त्याला जोडला. चित्र आले, पैसे दिले, तो गेला. आवाज नाही हे दोन दिवसांनी, ती मुलगी येऊन बसली तेव्हा कळले. तो पुन्हा दोनदा आला आणि शेवटी म्हणाला, "मदरबोर्डवरचा साउंड गेलाय, बोर्ड बदलावा लागेल." त्या जातीचा बोर्ड आता मिळत नाही, म्हणजे प्रोसेसर आणि मेमरीही बदलायची, म्हणजे जवळजवळ नवा संगणक. हा संगणक माजी विद्यार्थ्यांकडून वर्गणी काढून घेतलेला. पुन्हा कोणाकडे मागायचे?

मी दोनच गोष्टी विचारल्या. दुरुस्तीच्या आधी आवाज होता का? होता. आणि दुरुस्तीत काय काय बदलले? ते तिने वर सांगितल्याप्रमाणे सांगितले. "मी शनिवारी येते. तोवर कोणी काही काढू-घालू नका," एवढे सांगून मी फोन ठेवला.

कालपर्यंत चालत असलेली वस्तू नेमकी दुरुस्तीनंतर बंद पडली, तर ती 'जळली' या निदानावर मी सहसा विश्वास ठेवत नाही. चिप जळू शकते, नाही असे नाही. पण हात लागला तिथे जोडणी चुकणे, सुटणे किंवा वाट बदलणे याची शक्यता कितीतरी जास्त असते. चांगला वैद्य आधी काय खाल्ले ते विचारतो, तसेच हे.

आकड्यांपासून कागदी पडद्यापर्यंत

स्पीकरमधून येणारा आवाज म्हणजे हवेचे कंपन. संगणकाच्या स्मृतीत मात्र असतात नुसते आकडे. ध्वनिलहरीची उंची ठरावीक काळाने मोजायची आणि ते माप लिहून ठेवायचे, अशी ही पद्धत. सीडीसाठी ठरलेले प्रमाण सेकंदाला ४४,१०० मापे असे आहे. प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवले जाते, त्यासाठी दोन बाइट लागतात. डावा आणि उजवा असे दोन आवाज धरले तर एका सेकंदाला १,७६,४०० बाइट झाले. एका मिनिटाला किती, हे विद्यार्थ्यांना काढायला सांगा. उत्तर एक कोटीच्या वर जाते.

हे आकडे बनवतो एखादा प्रोग्रॅम. आपल्या गोष्टीत तो स्क्रीन रीडर. तो ते संगणकाच्या कार्यप्रणालीकडे, म्हणजे विंडोज किंवा लिनक्सकडे सोपवतो. कार्यप्रणाली दोन कामे करते: एकाच वेळी बोलणाऱ्या सगळ्या प्रोग्रॅमचे आकडे एकत्र मिसळते, आणि ते कोणत्या उपकरणाकडे पाठवायचे ते ठरवते. मग येतो ड्रायव्हर. हा त्या विशिष्ट चिपची भाषा जाणणारा दुभाषा. त्यानंतर मदरबोर्डवरची ध्वनीची चिप, जी प्रत्येक आकड्याचे त्या प्रमाणातल्या विद्युतदाबात रूपांतर करते. इथे आकड्यांचे राज्य संपते. पुढे तांब्याच्या वाटेने सॉकेट, मग प्लग आणि वायर, स्पीकरमधला वर्धक, आणि शेवटी चुंबकातली वेटोळी व तिला चिकटलेला कागदी पडदा. प्रोग्रॅम, कार्यप्रणाली, ड्रायव्हर, चिप, सॉकेट, वायर, वर्धक, पडदा अशा आठ कड्यांची ही साखळी आहे.

ही चिप पूर्वी मदरबोर्डवर नसे. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पीसीमध्ये नुसता 'बीप' करणारा एक लहानसा स्पीकर होता. संगीत ऐकायचे तर वेगळे कार्ड घ्यावे लागे. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे १९८९ साली आलेले साउंड ब्लास्टर हे त्यातले गाजलेले कार्ड. मग ही चिप मदरबोर्डवरच येऊ लागली. तिच्यासाठी इंटेलने १९९७ साली एक प्रमाण ठरवले, त्याचे नाव 'एसी-९७'. २००४ साली त्याच्या जागी दुसरे आले, 'एचडी ऑडिओ'. ही दोन नावे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत. तुमच्या शाळेतला संगणक उघडलात आणि त्यात बारीकसा खेकडा छापलेली चौकोनी चिप दिसली, तर ती बहुधा रिअलटेक या तैवानी कंपनीची असते, आणि मागच्या रंगीत सॉकेटांच्या जवळपास असेल तर ध्वनीचीच.

अर्ध्यावर तोडायचे

आठ कड्यांपैकी एक तुटली आहे. कोणती ते शोधायचे आहे. एका टोकापासून सुरुवात केली तर सात परीक्षा कराव्या लागतील. त्याऐवजी साखळीच्या मध्ये जाऊन विचारायचे: इथपर्यंत सगळे ठीक आहे का? हो म्हटले तर दोष पुढच्या चारांत, नाही म्हटले तर मागच्या चारांत. मग चाराचे दोन आणि दोनाचा एक. तीन प्रश्नांत काम झाले. एक ते हजार यांतली मनात धरलेली संख्या दहा प्रश्नांत ओळखण्याचा खेळ आपण वर्गात खेळतो, तोच हा.

पण यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: दोष एकच आहे. या गृहीतकाने आम्हाला पुढे चांगलेच चकवले.

शनिवारी पोहोचले तेव्हा संगणकाभोवती आठ-दहा मुले जमली होती आणि ती मुलगी हेडफोन गळ्यात अडकवून शेजारी बसली होती. सुरुवात स्पीकरपासून केली. खरे तर मोबाइल फोन स्पीकरला जोडून बघणे सर्वांत सोपे, पण माझ्या फोनला हेडफोनचे सॉकेटच नाही. अलीकडच्या बऱ्याच फोनांना ते नसते. मग जुनी युक्ती केली. स्पीकरची वायर संगणकातून काढली, स्पीकर चालू ठेवले, आवाजाची कळ थोडी वाढवली आणि प्लगच्या टोकाला बोट लावले. 'घूंऽऽ' असा आवाज आला. मुले हसली.

हा आवाज कुठून आला? आपल्या भिंतींतून, छतातून सेकंदाला ५० आवर्तने करणारी वीज वाहत असते. तिच्या विद्युतक्षेत्रामुळे आपल्या शरीरावर एक अतिशय क्षीण, तितक्याच वेळा हेलकावणारा विद्युतदाब येतो. एरवी त्याचा पत्ताही लागत नाही. बोट लावले की तो वर्धकात शिरतो आणि ऐकू येतो. म्हणजे वायर, वर्धक आणि पडदा ठीक आहेत हे एका बोटाने सिद्ध झाले. हा प्रयोग वर्गात करून बघा, पण छोट्या ॲडॉप्टरवर किंवा यूएसबीवर चालणाऱ्या स्पीकरवरच. सभागृहातल्या मोठ्या ॲम्प्लिफायरवर किंवा उघड्या उपकरणावर कधीही करू नका. आणि नुसत्या हेडफोनवर तो होणार नाही, कारण त्यात वर्धक नसतो.

प्लग पुन्हा संगणकाच्या मागच्या हिरव्या सॉकेटमध्ये घातला. हिरवे म्हणजे आवाज बाहेर, गुलाबी म्हणजे मायक्रोफोन, निळे म्हणजे बाहेरून आवाज आत, हा रंगांचा संकेत १९९०च्या दशकाच्या अखेरीस रूढ झाला. टेबलाखाली वाकून अंधारात प्लग लावताना गुलाबीत जातो, हे मी माझ्या प्रयोगशाळेतही पाहिले आहे. इथे तसे नव्हते.

आता दुसरी परीक्षा, आकड्यांच्या बाजूने. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'साउंड' उघडले की 'प्लेबॅक' नावाचे पान येते. त्यात संगणकाला ठाऊक असलेली आवाजाची उपकरणे एकाखाली एक लिहिलेली असतात, आणि आवाज चालू असला तर संबंधित उपकरणाशेजारी एक हिरवी पट्टी वर-खाली होते. एक गाणे लावले. हिरवी पट्टी नाचू लागली. म्हणजे प्रोग्रॅम आकडे देत होता, कार्यप्रणाली ते पुढे ढकलत होती. पण पट्टी नाचत होती ती मॉनिटरच्या नावासमोर! त्याच्या खाली 'स्पीकर्स' अशी दुसरी ओळ होती, तिच्यासमोरची पट्टी निपचित.

एचडीएमआय केबलमधून चित्राबरोबर आवाजही जातो, कारण ती मूळची दूरचित्रवाणी संचासाठी केलेली. त्यामुळे आजच्या बहुतेक ग्राफिक्स कार्डांत आवाज पाठवणारा स्वतंत्र भाग असतो. कार्ड बसवल्यावर विंडोजला एकाऐवजी दोन ध्वनी-उपकरणे दिसली आणि तिने नव्याची निवड केली. आमच्या मॉनिटरला स्पीकर नाहीत. सगळा आवाज तिकडे जात होता आणि कोणाला ऐकू येत नव्हता. हार्डवेअरच्या कामानंतर आवाज जाण्याच्या तक्रारींत हे कारण फार वेळा निघते, आणि ते बघायला स्क्रू-ड्रायव्हरही लागत नाही.

'स्पीकर्स' या ओळीवर उंदराचे उजवे बटण दाबून तेच नेहमीचे उपकरण ठरवले. स्पीकर गाऊ लागले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मैत्रिणीचा चेहरा खुलला. मदरबोर्डवरची चिप ठणठणीत होती.

मग ती मुलगी पुढे सरकली, तिने कॅबिनेटचा पुढचा भाग चाचपून हेडफोनचा प्लग नेहमीच्या सॉकेटमध्ये घातला, आणि थोड्या वेळाने म्हणाली, "मॅडम, मला काहीच येत नाही."

दुसरा दोष

वर्गात इतर मुलांना त्रास नको म्हणून ती नेहमी हेडफोन लावते, आणि तोही कॅबिनेटच्या पुढच्या सॉकेटमध्ये. म्हणजे तिच्या दृष्टीने अजून काहीच दुरुस्त झाले नव्हते.

इथे क्षणभर थांबून विचार करण्यासारखे आहे. समजा मी सुरुवातीलाच तिचे हेडफोन लावून तपासणी केली असती. उपकरण बदलल्यावरही आवाज आला नसता. मग मी म्हटले असते, "हे कारण नव्हे," आणि केलेला बदल पूर्ववत करून दुसरीकडे शोधायला गेले असते. दोन दोष एकामागे एक असले की एकेक बरा करून शेवटच्या टोकाला फरक पडत नाही, आणि माणूस बरोबर केलेली दुरुस्ती स्वतःच पुसून टाकतो. बिचाऱ्या दुरुस्ती करणाऱ्याचे असेच झाले असावे. म्हणून परीक्षा नुसती शेवटच्या टोकाला न घेता मधल्या मधल्या ठिकाणी घ्यायची. हिरवी पट्टी आणि मागचे सॉकेट ही ती मधली ठिकाणे.

हेडफोन मागच्या हिरव्या सॉकेटमध्ये लावले. आवाज आला. म्हणजे हेडफोन ठीक, चिप ठीक. उरला फक्त पुढच्या सॉकेटपासून मदरबोर्डपर्यंतचा रस्ता.

आता मात्र कॅबिनेट उघडावे लागले. संगणक बंद करून वीज भिंतीवरच्या बटणापाशी बंद केली, वायर उपसली, चालू करण्याचे बटण दोन-चार सेकंद दाबून उरलासुरला विद्युतभार जाऊ दिला आणि आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला. हे सगळे मुलांसमोर मुद्दाम सावकाश केले. आपल्या अंगावरच्या स्थितिक विजेने नाजूक चिप खराब होऊ शकते, म्हणून तो पत्र्याला स्पर्श. एसएमपीएसचा डबा मात्र कधीच उघडायचा नाही. वीज काढल्यावरही त्यातल्या धारित्रांत धोकादायक भार राहतो.

पुढच्या सॉकेटांपासून आलेली केबल मदरबोर्डच्या कडेला नऊ पिनांच्या एका जोडणीवर बसते. पाच-पाच पिनांच्या दोन ओळी, त्यातली एक पिन गाळलेली, म्हणजे प्लग उलटा बसू नये. यूएसबीची जोडणीही अशीच दिसते, पण तिथे गाळलेली पिन वेगळ्या जागी असते. जोर करून एकीचा प्लग दुसरीवर बसवणारे लोक आहेत. यूएसबीच्या पिनांवर पाच व्होल्ट असतात, तेव्हा अशा जबरदस्तीने चिप खरोखरच जळेल. आपल्या इथे केबल बसली होती योग्य जागी. पण केबलच्या टोकाला एकाऐवजी दोन प्लग होते. एकावर 'एचडी ऑडिओ' छापलेले, दुसऱ्यावर 'एसी-९७'. कॅबिनेट जुन्या साठ्यातले असणार, दोन्ही प्रकारच्या बोर्डांना चालावे म्हणून ते तसे बनवत. बोर्ड एचडी ऑडिओचा, आणि त्यावर बसवला होता एसी-९७चा प्लग. दोन्हींत गाळलेली पिन एकाच जागी असल्यामुळे तो बिनतक्रार बसतो. प्लग बदलला, संगणक सुरू केला, आणि त्या मुलीने हेडफोन कानाला लावता लावता मान डोलावली.

सॉकेटला कसे कळते?

तारा तर जोडलेल्या होत्या, मग आवाज का येत नव्हता? हा प्रश्न दहावीतल्या एका मुलाने विचारला, आणि त्याचे उत्तर शाळेच्याच पुस्तकात आहे.

आजच्या संगणकात हेडफोन खुपसले की संगणकाला ते कळते, आणि तो त्यांच्याकडे आवाज वळवतो. कसे कळते? प्रत्येक सॉकेटमध्ये एक लहानसा खटका असतो. प्लग आत गेला की खटक्याने एक रोध परिपथात जोडला जातो. चार सॉकेट असतील तर चार वेगवेगळे रोध, पण चिपपर्यंत येणारी तार मात्र एकच! एका तारेवरून चिपला चारही सॉकेटांची बातमी हवी आहे. एचडी ऑडिओच्या प्रमाणात हे रोध सुमारे ३९.२, २०, १० आणि ५.१ किलोओहम असे ठरवले आहेत.

हे आकडे विचित्र वाटतात ना? त्यांचे व्यस्त घेऊन बघा. रोध समांतर जोडले की त्यांच्या व्यस्तांची बेरीज होते. ३९.२ चा व्यस्त एक भाग मानला तर २० चा जवळजवळ दोन भाग, १० चा चार, ५.१ चा आठ. एक, दोन, चार, आठ! ही तर तराजूची वजनपेटी. एक, दोन, चार आणि आठ ग्रॅमची चार वजने असली की शून्यापासून पंधरापर्यंतचे प्रत्येक वजन बनते, आणि प्रत्येक एकाच रीतीने बनते. म्हणून चिपने नुसता एकूण रोध मोजला की कोणकोणत्या सॉकेटमध्ये प्लग आहे हे नेमके कळते. समजा तो १३.२ किलोओहम आला. मग ३९.२ आणि २० वाली दोन सॉकेटे भरलेली आहेत. चारही भरली तर तो सुमारे २.७ येतो.

एसी-९७च्या पुढच्या सॉकेटांत हे रोध आणि खटके या रीतीने जोडलेलेच नसतात. त्यामुळे चिपच्या लेखी पुढे कोणी हेडफोन लावलेच नव्हते. तारा होत्या, पण आवाज तिकडे सोडण्याचे तिला कारण नव्हते. कॅबिनेटला एसी-९७चा एकच प्लग असेल तर काय करायचे? पुष्कळ ड्रायव्हरांच्या सेटिंगमध्ये पुढच्या सॉकेटची ओळख-तपासणी बंद करण्याची सोय असते, ती करायची.

याचा प्रयोग शाळेत सहज होतो. ३९, २०, १० आणि ५.१ किलोओहमचे रोध, चार खटके आणि एक मल्टिमीटर घ्या. एका मुलाने पुठ्ठ्याच्या आड हवे ते खटके दाबावेत, दुसऱ्याने मल्टिमीटर वाचून कोणते ते सांगावे. एक मजा होईल. रोध पाच टक्के अचूकतेचे, म्हणजे सोनेरी पट्टीचे घेतले, तर तीन किंवा चार खटके दाबल्यावर कधी कधी उत्तर चुकू शकते. चौदा भाग आणि पंधरा भाग यांतला फरक सुमारे सात टक्क्यांचाच आहे, आणि चुका दोन्ही बाजूंनी होतात. एक टक्का अचूकतेचे रोध घ्या, गोंधळ नाहीसा होईल. एचडी ऑडिओ प्रमाणात एक टक्क्याचे रोध का मागितले आहेत, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

आणखी काही ठिकाणे

आमच्या संगणकात नव्हती, पण तुमच्या असू शकतील अशी कारणे थोडक्यात सांगते. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी काढली किंवा संपली तर प्राथमिक सेटिंग मूळ स्थितीला जातात, आणि तिथे ध्वनीची चिप बंद किंवा चालू ठेवण्याचा एक पर्याय असतो. संगणक सुरू होतानाच त्यात शिरून तो बघावा. मदरबोर्डच बदलला असेल तर चिप वेगळी येते आणि जुना ड्रायव्हर निरुपयोगी ठरतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे चिन्ह दिसले तर नवा ड्रायव्हर बोर्डाच्या कंपनीच्या स्थळावरूनच घ्यावा. भलत्या ठिकाणचे 'मोफत ड्रायव्हर' घेऊ नयेत. लिनक्समध्ये कधी कधी नवीन मांडणीनंतर आवाजाची एखादी पट्टी मूक केलेली राहते. 'अल्सामिक्सर' उघडून तिच्यावर 'एम'ची कळ दाबली की ती बोलू लागते.

जुन्या, एसी-९७च्या काळातल्या बोर्डांचे एक गमतीदार दुखणे आहे. त्यांत मागच्या सॉकेटकडे जाणारा आवाज पुढच्या जोडणीवरून फेरा घालून जात असे. पुढची केबल लावायची नसेल तर तिथे दोन छोट्या टोप्या, ज्यांना जंपर म्हणतात, बसवाव्या लागत. सफाई करताना ते जंपर हरवले की मागचा आवाज बंद! भंगारात निघालेल्या अशा किती संगणकांत फक्त दोन जंपर कमी असतील कोणास ठाऊक.

आणि दोष आकड्यांच्या बाजूला की तांब्याच्या, हे कशानेच ठरत नसेल, तर पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून बघावे. त्यात आवाज आला तर चिप आणि तारा ठीक आहेत, विंडोजमध्ये शोधा.

चिप खरोखरच गेली असेल तरी मदरबोर्ड बदलायची गरज नसते. यूएसबीला लावायचे बोटाएवढे साउंड कार्ड काही शे रुपयांत मिळते. त्यात स्वतःची चिप असते. हे मी मैत्रिणीला मुद्दाम घ्यायला सांगितले, वेगळ्या कारणासाठी. आपल्याला आवाज गेला तर आपण पडद्यावर बघून तो शोधतो. त्या मुलीचा आवाज गेला तर शोधण्याचे साधनच जाते. कोणती ओळ निवडली आहे, हे तिला कोण सांगणार? यूएसबी साउंड कार्ड खुपसले की विंडोज बहुतेक वेळा त्याचीच निवड करते आणि स्क्रीन रीडर त्यातून बोलू लागतो. मग पुढची सेटिंग ती स्वतः बदलू शकते. आता ते तिच्या दप्तरात असते.

निघता निघता तिने एक प्रश्न विचारला. "मॅडम, मॉनिटरला स्पीकर नाहीत, मग संगणकानं त्याच्याकडे आवाज पाठवलाच का?"

मला या प्रश्नाने पकडले. कारण मॉनिटर जोडला की तो आपली माहिती केबलमधून संगणकाला सांगतो: किती ठिपके, कोणता वेग, आणि आवाज घेतो की नाही. 'घेतो' असे त्याने सांगितल्याशिवाय यादीत त्याचे नाव येणारच नाही. स्पीकर नसलेला मॉनिटर 'घेतो' का म्हणेल? मी तिला म्हटले, तूच शोध. तिने मॉनिटरच्या मागच्या बाजूने बोटे फिरवली. वीज, एचडीएमआय, जुने निळे सॉकेट, आणि त्यांच्या बाजूला एक लहान गोल भोक. मी विंडोजमध्ये पुन्हा मॉनिटरचे नाव निवडले. तिने हेडफोन पुढच्या सॉकेटमधून काढले आणि त्या भोकात घातले.

"इथं आहे," ती म्हणाली.